पाल न धरणारी भिंत

मुकटी मागे पडली आणि कुंदाबाईच्या डाव्या टाचेचा फोड फुटला. तिनं चप्पल काढून पिशवीत टाकली, जुन्या लुगड्याची चिंधी टाचेला गुंडाळली आणि डांबर सोडून कडेच्या मातीवरून चालायला लागली. पारोळ्याहून पहाटे निघालेला बायांचा जथा केव्हाच पुढे गेला होता. सप्तशृंगीचा झेंडा तेवढा लांबवर दिसायचा, आणि एखादा ट्रक गेला की तोही धुळीत बुडायचा. चैत्राचं ऊन चढत होतं. गड अजून फार लांब होता. दुपारपर्यंत निदान फागण्याला टेकायचं होतं.

"कुंदाक्का, बसता का जरा लिंबाखाली?" बरोबरच्या कामिनीनं विचारलं.

"बसली म्हनजे उठनार नाही मी. चाल तू."

कामिनी कुंदाबाईच्याच गल्लीतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि महिला मंडळाच्या मासिकात अधूनमधून काहीबाही लिहिते. तिच्याशी बोलताना कुंदाबाई जपून शाळेतली मराठी बोलायची. रागावली की मात्र खानदेशी आपोआप तोंडात यायची.

"तुमच्यावर लिहायचं म्हणतेय मी," चालता चालता कामिनी म्हणाली. "तुमच्या पुरणाच्या मांड्यांवर."

"मांडे करून मला दोन वर्षं झाली. लिहायचं तर पाल पडली ते लिही की."

कामिनीनं पाय उचलला. ती गप्प बसणार हे कुंदाबाईला ठाऊकच होतं. सकाळपासून कामिनीनं शाळा, पाणीटंचाई, बोरीचं धरण, जावेचं गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं सांगून झालं होतं. तिच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न आखाजीच्या सणानंतर होतं, सगळ्या गल्लीला ते माहीत होतं, आणि त्या लग्नाबद्दल कामिनी एक अक्षर बोलली नव्हती. का बोलली नव्हती तेही कुंदाबाईला माहीत होतं. तोताराम कुंभाराकडे ती पाण्याचा माठ घ्यायला गेली होती, तर ओट्यावर मांडे भाजायचं नवं मोठं खापर वाळत पडलेलं. कुणाचं म्हणून विचारलं तर तोताराम सहज बोलून गेला, "कामिनी म्याडमकडचं लग्न ना. अमळनेरची बाई येणार आहे मांडे करायला."

ते खापर डोळ्यांपुढे घेऊनच कुंदाबाई चालत होती.

खापराशी तिचं नातं जुनं. नवरा गेला तेव्हा ती पंचविशीचीसुद्धा नव्हती. मूल नाही, शेत नाही, सासरच्या ओसरीवर एक खोली. पारोळ्यात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, बेबाबाई. दोघी बोरीकाठच्या एकाच गावच्या. लहानपणी एकीच्या वेणीतली रिबन दुसरीच्या केसांत असायची. बेबाबाई चांगल्या घरात पडली, कुंदाबाईचं हे असं झालं. पण बेबाबाईनं हात सोडला नाही. थोरल्या मुलाच्या, ललितच्या बारशाला तिनं कुंदाबाईला मांडे करायला खापरापुढे बसवलं. सासू नाक मुरडून म्हणाली, "शुभकामले रांडमुंड बाईना हात?" तेव्हा बेबाबाई सगळ्यांसमोर बोलली होती, "तिना हात देवीना हात शे. ती नई बसनी तर बारसं बी नई."

ते वाक्य गावानं झेललं. मांडे होतेच तसे. वस्त्रगाळ पीठ, मिठाच्या पाण्यात तिंबून तिंबून लोण्यासारखं केलेलं. पुरणाचा गोळा भरायचा, मग तो दोन्ही हातांवर खेळवत मनगटापासून कोपरापर्यंत वाढवत न्यायचा, पलीकडचा माणूस दिसेल इतका पातळ करायचा आणि उलट्या तापल्या खापरावर अलगद पांघरायचा. कुंदाबाईचा मांडा कधी फाटला नाही. पाटलांकडचं असो, मारवाडी गल्लीतल्या भंवरीबाईंकडचं असो, लग्न ठरलं की आधी ब्राह्मणाला सांगावा जायचा, मग कुंदाबाईला. ती अंघोळ करून येणार, खापराला हळदीकुंकवाची बोटं लावणार, देवीचं नाव घेणार आणि मग जाळ पेटणार. विधवा म्हणून जी कुंकवाच्या करंड्यापासून चार हात लांब उभी राहायची, तिला खापरापुढे मात्र सगळा मान होता. तिचं सगळं तेवढ्यात होतं.

"त्या दिवशी चूल अंगणात मांडली असती ना," कुंदाबाई एकदम म्हणाली, "तर काहीच झालं नसतं."

"कुठल्या दिवशी?"

"नीलेशच्या हळदीला."

नीलेश म्हणजे बेबाबाईचा धाकटा. त्याच्या लग्नाआधी त्यांचं नवं घर बांधून झालं होतं. ललितचं रंगाचं आणि टाईल्सचं दुकान. त्यानं सुरतेकडून एक नवं कोटिंग आणलं होतं आणि नमुना म्हणून आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतींना आणि छताला मारलं होतं. तेल उडो, हळद उडो, फडका फिरवला की भिंत चकचकीत. मांड्यांची चूल खरं तर नेहमी अंगणात असते. पण बेबाबाई म्हणाली, "वारा सुटेल शे, जाळ फाकी. आत बस. पाव्हन्या बाया बी नवं सयपाकघर देखतीन." म्हणून मोठी शेगडी आत ठेवली, खापर आत चढलं. नवरीकडच्या बाया दारात उभ्या राहून भिंती बघत होत्या, मांडे बघत होत्या, वाहवा करत होत्या. कुंदाबाईचे दोन्ही हात मांड्याखाली होते, मांडा कोपरापर्यंत आलेला, आणि वरून पाल पडली. सरळ तिच्या डोक्यावर. तिथून खांद्यावर, खांद्यावरून पिठाच्या परातीत.

किंचाळी कुणाची होती कोण जाणे, पण कुंदाबाईची नव्हती. हातातला मांडा फाटू नये म्हणून ती तशीच बसून राहिली होती. ते तिला अजून आठवायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

दारातल्या बायांत कुजबुज झाली. "नव्या घरात? हळदीच्या दिवशी?" एकीनं तर नवरीच्या आईला हाताला धरून मागे ओढलं. पंचांगात पालीच्या पडण्याचं फळ असतं, आणि बाईच्या डोक्यावर पडली तर काय ते बोलूसुद्धा नये. तेव्हा बेबाबाई पुढे झाली. कुंदाबाईला वाटलं, आता ही आपल्या पाठीवर हात ठेवणार.

बेबाबाई पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "घरना दोष नई माय. जिनावर पडनी तिना दोष. तिनं नशीबच तसं शे, पह्यलेपासून." मग हिच्याकडे न बघता, "कुंदा, ऊठ. आंग धुई टाक. आते खापरले हात लावू नको."

कुंदाबाई अंगावरच्या लुगड्यानिशी मोरीत न्हाली. घरी जाऊन देवापुढे तुपाचं निरांजन लावलं. सोनाराकडे जाऊन त्याच्याकडची चांदीची पाल शिवून आली. धुळ्याला एकवीरेची ओटी भरली, आणि गडावर पायी येईन असा नवस बोलली. जे जे सांगतात ते सगळं केलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिचं खापर छोट्या टेंपोतून घरी आलं, गोणपाटात गुंडाळलेलं. बरोबर बेबाबाईचा निरोप नव्हता. मांड्याचा तुकडाही नव्हता.

मग सांगावे थांबले. कुणी वाईट बोलायचं नाही. उलट गोड बोलायचे. "कुंदाबाई, डाळ वाटाले या. भाजी निवडाले या." खापरापाशी मात्र दुसरी कुणी बसलेली असायची. मागच्या साली एका घरी तर ती भाजी निवडत असताना एका पोरीनं वर छताकडे बघून पाट दोन हात पलीकडे सरकवला. कुंदाबाईनं बघितलं आणि मेथीच्या काड्या मोडत राहिली. नशीब म्हणजे नशीब. देवीची मर्जी. तिनं तसं मानून घेतलं होतं, आणि मानून घेतलं की झोप लागते.

"मग दिवाळीत तुम्ही भूमिकाला का बोलावलं होतं?" कामिनीनं विचारलं. "ती सांगत होती, कुंदाआत्यानं मला शाळकरी पोरीसारखं बसवून तपासलं म्हणून."

"तुला सगळं नाही सांगितलं तिनं," कुंदाबाई म्हणाली.

झालं होतं असं. दिवाळीच्या तोंडावर ती चुना आणायला ललितच्या दुकानी गेली. दुकानात शिरपूरकडचं एक नवराबायकोचं जोडपं होतं, म्हणून ती रंगाच्या डब्यांच्या चळतीमागे थांबली. ललित एका टाईलवर पिचकारीनं पाणी उडवत होता. पाणी पसरत नव्हतं, त्याचे मोती होऊन घरंगळत होते.

"बघा ताई, एक थेंब धरत नाही. तेल धरत नाही."

"पाली फार आहेत हो आमच्याकडे," ती बाई म्हणाली.

ललित हसला. "पालीचं तर सोडूनच द्या. माझ्या स्वतःच्या घरात मारलंय. नीलेशच्या लग्नाआधी आठवडाभर पटापट पडायच्या. छतावर आली की धप्प. आई रोज सकाळी सुपलीत भरून बाहेर टाकायची. आता एक फिरकत नाही."

बोलता बोलता तो वळला आणि त्याला डब्यांमागे मावशी दिसली. पिचकारी हातातच राहिली. "मावशी," तो म्हणाला. मग म्हणाला, "काय देऊ?"

"चुना," कुंदाबाई म्हणाली.

त्यानं चुन्याची पिशवी दिली, पण वर मान केली नाही. याच पोराच्या बारशाला ती पहिल्यांदा खापरावर बसली होती.

घरी येऊन तिनं चुना कोपऱ्यात ठेवला आणि विचार करत बसली. दुकानदार काय, माल खपवायला काहीही सांगतो. पाल म्हणजे देवानं भिंतीसाठीच घडवलेला जीव, ती कशी पडेल? आधी खरंखोटं कळायला हवं होतं. उगाच कुणावर आळ नको. म्हणून तिनं भूमिकाला हाक मारली. पोरगी जळगावला रसायनशास्त्रात एमेस्सी करत होती, सुटीला आलेली.

भूमिकानं आधी केळीच्या पानावर पाण्याचा थेंब टाकला. तो मोत्यासारखा पळाला. मग गोणपाट सोडून खापर काढलं, दीड वर्षात पहिल्यांदा, आणि त्यावर थेंब टाकला. खापरानं तो पिऊन टाकला.

"आत्या, पाण्याच्या प्रत्येक कणात दोन हायड्रोजन असतात. समोर ऑक्सिजन सापडला की ते त्याला धरतात. पक्कं नाही धरत, नुसतं बोट धरल्यासारखं. पण असे कण इतके असतात की सगळे मिळून घट्ट. याला हायड्रोजन बंध म्हणतात. मातीत, चुन्यात, काचेत अशी धरायला जागा असते. पानावरच्या मेणात नसते, म्हणून पाणी पळतं."

"मी पालीचं विचारते."

"तेच सांगतेय. पालीच्या बोटांना डिंक नसतो. लाखो बारीक केस असतात, ते भिंतीच्या इतके जवळ जातात की भिंतीचे कण आणि केसांचे कण एकमेकांना ओढतात. एक तर कुठल्याही दोन वस्तूंत असते तशी साधी ओढ. आणि जिथे भिंत जागा देते तिथे या हायड्रोजन बंधाचीही मदत होते. कुणाची किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. ओल्या काचेवर तर गंमतच. पाणीच काचेला असं धरून बसतं की पालीच्या बोटाला काच सापडतच नाही, ती घसरते. आणि ललितदादाचं ते कोटिंग जर मी समजते तसलं असेल, तर त्याचे कण कुणालाच धरू देत नाहीत. पाण्याला नाही, तेलाला नाही, पालीला नाही. त्यावर पाल टिकणं अवघडच."

कुंदाबाईनं खापरावरच्या ओल्या डागावरून बोट फिरवलं. "मंग पालनी चूक नई," ती शेवटी म्हणाली.

"नाही. आणि तुमचीही नाही," भूमिका म्हणाली. दीड वर्षात हे पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

हे सगळं सांगून होईस्तोवर उसाच्या रसाची एक गाडी आली. कामिनीनं दोन ग्लास घेतले. ग्लासाच्या बाहेर आलेलं पाणी कुंदाबाईनं बोटानं पुसलं, ते परत आलं.

"मग बेबाबाईंना विचारलंत?"

"विचारलं ना."

बेबाबाई त्याच स्वयंपाकघरात शेवया निवडत बसली होती. कुंदाबाई उंबऱ्याच्या आत गेली नाही.

"बेबे, तुले माहीत व्हतं?"

बेबाबाईनं 'काय माहीत?' म्हणून विचारलं नाही. त्यातच सगळं आलं. म्हणाली, "मना सोताना पायवर बी पडनी व्हती. हळदना दोन दिन पह्यले. मी गुपचूप न्हाई लिधं."

"नि तरी माले आत बसाडं? त्याच छतखाल?"

"ललितले पाव्हन्यास्ले सयपाकघर दखाडनं व्हतं. माले काय माहीत, तुनावरच पडी?"

"पडनी ते जाऊ दे. तू बोलनी का नई? भितवरथीन पाली रोज पडतस, इतलंच बोलनं व्हतं."

"काय बोलू? नवरीन्या बाया दारमा उभ्या. घरना दोष म्हनी त्या हळदवरथीन उठी जात्यात. मना पोरनं लगीन मोडतं." बेबाबाईचा आवाज बारीक झाला. "तुनं काय मोडनार व्हतं, कुंदा? तुले ना पोरगा ना संसार. तू सहन करी लेशी असं वाटनं माले."

कुंदाबाईला त्या वेळी रडू आलं नाही. तिला ललितचं बारसं आठवलं. 'देवीना हात' म्हणणारं तोंडही हेच होतं. तेव्हा ज्या तोंडानं तिला खापरापुढे बसवलं, त्याच तोंडानं उठवलं, आणि दोन्ही वेळा गावानं तेच खरं मानलं.

"आते सांग मंग बठ्ठा गावले," ती म्हणाली. "लगीन तर व्हयी गयं."

"आते सांगीसन काय व्हई? सून काय म्हनी? ललितनं दुकान शे." बेबाबाई उठली, आतून एक नवं लुगडं घेऊन आली आणि उंबऱ्यावर ठेवलं. "हाई ले. मी तुले कधी परकं मानं का?"

लुगडं तसंच उंबऱ्यावर राहिलं. कुंदाबाई परत फिरली.

"लिहितेच मी हे," कामिनी तावातावानं म्हणाली. "ललितचं, बेबाबाईंचं, कोटिंगचं, सगळं. पुढच्याच अंकात. लोकांना कळू दे खरं काय ते."

कुंदाबाई चालत राहिली. तिला वाटलं, आता भूमिकाच्या लग्नाचा विषय निघेल. नाही निघाला.

फागण्याला जथ्याची दुपारची उतरणी देवळाच्या धर्मशाळेत होती. बाया पाय सोडून बसल्या होत्या, कुणी भाकरी सोडत होतं, कुणी टाचांना हळदतेल लावत होतं. दोघी शिरल्या तशी एकीनं हाक मारली, "या कुंदाबाई, बसा," आणि त्याच दमात वर बघितलं. भिंतीवर पाल होती, जुन्या चुन्याच्या पोपड्यांवर, अगदी निवांत. हाक मारणारीनंच तांब्यातलं पाणी पालीवर फेकलं. चुन्यानं पाणी पिऊन टाकलं. पाल जागची हलली नाही. बाया मात्र हलल्या. एकेकीनं आपलं अंथरूण खसकन ओढलं आणि भिंतीखालची जागा मोकळी झाली.

कुंदाबाई सरळ जाऊन त्या मोकळ्या जागेत बसली, भिंतीला पाठ टेकून.

"आपलंच राज्य," ती म्हणाली. "ये कामिनी. ऐसपैस जागा आहे."

कामिनी आली. पण बसण्याआधी तिची मान वर गेली. पाल कुठे आहे ते बघितलं आणि मग ती कुंदाबाईच्या उजव्या हाताला, जरा लांब, पालीच्या खालून सुटेल अशी बसली. तिला स्वतःला ते कळलंही नसेल. आपल्याच पोरीनं खापरावर थेंब टाकून जे दाखवलं ते ही आताच ऐकून आली होती, मान हलवून पटलं म्हणाली होती, आणि मान तरी वर गेलीच.

कुंदाबाईनं शिदोरी सोडली. लसणाची चटणी तिच्यापुढे सरकवली. दोघी जेवल्या.

ऊन उतरल्यावर जथा धुळ्याकडे निघाला. या वेळी दोघी झेंड्याच्या फार मागे नव्हत्या. पुढच्या बाया देवीची गाणी म्हणत होत्या. कुंदाबाईही गुणगुणत होती. नवस बोलली होती तो दोष झाडायला, आणि आता दोषच नव्हता. तरी नवस फेडायचाच. देवीनं काही पाल टाकली नव्हती. देवीशी तिचं भांडण नव्हतं.

"अंकाचं नक्की करते मी," कामिनी म्हणाली. "तुमचा एक फोटो लागेल. खापराजवळचा जुना आहे का एखादा?"

कुंदाबाई थांबली. चिंधी सैल झाली होती, ती वाकून तिनं घट्ट बांधली. बांधून झाल्यावरही वाकलेलीच राहिली थोडा वेळ. मग उठली आणि कामिनीच्या तोंडाकडे बघितलं.

"तोतारामकडलं खापर मी देखं," ती म्हणाली. शाळेतली मराठी कुठल्या कुठे गेली होती. "अमळनेरवाली येनार शे ना?"

कामिनीचा चेहरा उतरला. "अक्का, ते जामनेरची मंडळी... भूमिकाच्या सासरचे जरा जुन्या वळणाचे आहेत. मी सांगणारच होते तुम्हाला. पण..."

"माले माहीत शे. बेबाले बी पाव्हन्यासनंच भ्याव व्हतं."

ट्रक गेला, धूळ उडाली, बसली. पुढची गाणी लांब जायला लागली.

"लिख तू, तुले जे लिखनं ते," कुंदाबाई म्हणाली. "लोक वाचतीन नि ठेवी देतीन. पन त्याना पह्यले मनं एक काम कर. भूमिकाना हळदले त्या अमळनेरवालीले नको बलावू. खापर मी मांडसू. तुना घरमा, जामनेरन्या पाव्हन्या दारमा उभ्या र्‍हातीन तव्हय. नि कोनी वर देखं, तर तू मनाजोडे येई बस. पालना खालेच बस. इतलं कर मनासाठे."